मॅडमना नेमकं काय विचारू?

*ताई, बारावी झाली, नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) दिली, आता बी.आर्क. करायचंय. बाबांच्या ओळखीच्या एक आर्किटेक्ट मॅडम वाशीत पंचवीस वर्षं काम करताहेत. त्यांनी रविवारी बोलावलंय. आई म्हणते, चांगलं कॉलेज कोणतं ते विचारून ये. मला तर बोलायचंच दडपण आलंय. काय विचारू? – क., कोपरखैरणे*

प्रिय क.,

आईचा प्रश्न चुकीचा नाही, पण मॅडमना कॉलेज सोडून पंचवीस वर्षं झाली. त्या आपल्या काळातल्या कॉलेजचं नाव सांगतील, आणि तिथले तेव्हाचे शिक्षक आता निवृत्तही झाले असतील. मात्र शिकून बाहेर पडलेली मुलं त्या रोज पाहतात. म्हणून विचार, "तुमच्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांना काय येत नाही?" कुठल्या कॉलेजची मुलं साइटवर उभी राहतात, कुणाला नुसतं सॉफ्टवेअर येतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. त्यांच्या ऑफिसात नुकतंच लागलेलं कुणी असेल तर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलू देण्याची विनंती कर. आजचे शिक्षक, स्टुडिओ, मॉडेल आणि प्रिंटचा वरखर्च त्यांनाच ठाऊक.

सुरुवातीच्या वर्षांतल्या पगाराचंही विचार. संकोच करू नकोस. पाच वर्षं तुझी जाणार आहेत, पैसे आईबाबांचे.

दडपणावर माझा उपाय वेगळा आहे. शनिवारी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला जाऊन ये. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात आखलेली ही वसाहत तुझ्या घरापासून फार लांब नाही. छोट्या चौकांभोवती कमी उंचीची घरं, आणि लोकांना पुढे वाढवता यावीत अशीच ती रचलेली. कोणी काय वाढवलं, काय पाडलं, चौकात आता कोण बसतं, ते बघ आणि वहीत काढ. रेषा वाकड्या आल्या तरी चालतील. ती वही मॅडमसमोर ठेवलीस की बोलायला विषय शोधावा लागणार नाही, आणि तू कशी बघतेस हे कळल्यावर त्यांचा सल्लाही तुझ्यापुरता होईल.

मान्यतेची खात्री मात्र तूच कर. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते. 1972च्या कायद्यानुसार कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही, आणि त्या नोंदणीला मान्य पदवीच लागते.

बाबा सोबत येणार असतील तर आधीच सांगून ठेव, प्रश्न मीच विचारणार. आणि कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) कॉलेजांचा पसंतीक्रम भरलास की मॅडमना तो कळव.

– ताई