रामकुंडावरची कबुतरे कुठे जातात?

प्रश्न : आम्ही नाशिकचे तीन मित्र गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी बसून फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या जुन्या जपानी गेमयंत्रासाठी एक नवा गेम तयार करत आहोत. गोदाघाटावर हरवलेली घंटा शोधणाऱ्या मुलाची ही गोष्ट आहे. संगणकावरच्या एम्युलेटरवर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, सारे व्यवस्थित चालते. खऱ्या यंत्रावर मात्र रामकुंडाच्या टप्प्यात कबुतरे उडाली की एखादे गायब होते, टप्पा बदलताना पडद्यावर कचरा उमटतो आणि नगारा वाजला की मुलगा आपोआप उजवीकडे सरकतो. चित्रे काढणारा मित्र कंटाळून बाजूला झाला आहे आणि चाळीस जणांकडून कॅसेटचे पैसे आगाऊ घेऊन झाले आहेत. मेगा ड्राइव्ह या अधिक ताकदीच्या गेमयंत्राकडे वळावे का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : वळू नये. मेगा ड्राइव्हचा प्रोसेसर वेगळ्या घराण्याचा असल्यामुळे आपण लिहिलेली एकही ओळ तिथे चालणार नाही आणि तीन वर्षांचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. आपण सांगितलेले तिन्ही दोष यंत्र दुबळे असल्यामुळे आलेले नाहीत. गेम एम्युलेटरला प्रमाण मानून बांधला गेला, म्हणून ते आधी दिसले नाहीत.

कबुतरांचेच पाहू. १९८३ साली बाजारात आलेले हे यंत्र पडद्यावर एकूण ६४ हलती चित्रे दाखवू शकते, परंतु एका आडव्या रेषेवर केवळ आठ. आपला मुलगा आणि प्रत्येक कबूतर अशी दोन-दोन हलती चित्रे, म्हणजे तुकडे, जोडून काढलेले असेल, तर चार कबुतरे मुलाच्या रांगेत आली की तुकडे दहा होतात आणि हलत्या चित्रांच्या यादीत शेवटी असलेल्या कबुतराला जागाच उरत नाही. बऱ्याच एम्युलेटरमध्ये ही मर्यादा उठवण्याची सोय असते. ती आपल्याकडे चालू राहिली असावी. यादीचा क्रम प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडदा दरवेळी नव्याने रंगवताना, फिरवत राहिल्यास एकच कबूतर कायमचे नाहीसे न होता सगळी थोडी थोडी लुकलुकतील. त्या काळचे गेम खेळलेल्यांच्या डोळ्यांना ते लुकलुकणे सवयीचे आहे. रामकुंडावर चारांऐवजी तीन कबुतरे उडवली तर तेही टळेल, पण मला स्वतःला थवा सोडवणार नाही.

कचऱ्याचा उपाय सोपा आहे. पडदा रंगवणे चालू असताना चित्रस्मृतीत लिहिले की चित्र बिघडते. दोन फ्रेमच्या मधल्या विश्रांतीत प्रोसेसरला कामाची सुमारे २,२७० आवर्तने (त्याच्या घड्याळाचे ठोके) मिळतात, त्यांपैकी पाचशेवर हलत्या चित्रांची यादी पाठवण्यातच खर्च होतात आणि उरलेल्या वेळात अख्ख्या पडद्याचा १,०२४ बाइटचा नकाशा मावत नाही. टप्पा बदलताना पडदा क्षणभर काळा करून नकाशा निवांतपणे भरावा. काटेकोर एम्युलेटर वापरला असता, तर हा दोष संगणकावरही दिसला असता.

नगाऱ्याचा दोष मात्र खुद्द यंत्राचाच आहे. ध्वनिमुद्रित नगाऱ्याचे बाइट उचलण्यासाठी यंत्र प्रोसेसरला अधूनमधून थांबवते. नेमक्या त्याच वेळी कंट्रोलर वाचला जात असेल, तर बटणांतील एक नोंद गळते, पुढच्या नोंदी एकेक घर अलीकडे सरकतात आणि शेवटच्या, म्हणजे ‘उजवीकडे’च्या, घरात ‘दाबले’ अशी खोटी नोंद येते. कंट्रोलर लागोपाठ वाचावा आणि दोन वाचने जुळली तरच ती ग्राह्य धरावीत. नगारा काढून टाकण्याची गरज नाही.

मित्र गेल्याने राहिलेल्या चित्रांबाबत म्हणाल, तर २०१९ साली याच यंत्रासाठी आलेला ‘मायक्रो मेजेस’ हा गेम अवघ्या ४० केबीत बसवलेला आहे. त्यात चित्रांसाठी ८ केबी, म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या ५१२ चौकटी. आपल्या किती चौकटी भरल्या आहेत ते आधी मोजा. घाटाच्या पायऱ्या उलटवून आणि रंग बदलून दोन-तीन टप्पे सहज उभे राहतात. तरीही जे उभे राहणार नाहीत ते वगळा.

पैशांचे काम मात्र कबुतरांच्याही आधी उरकावे. चाळीसही जणांना गेम नेमका कुठे अडला आहे ते याच शब्दांत कळवा, नवी तारीख देऊ नका आणि ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांना कारण न विचारता परत करा. पुढची आगाऊ नोंदणी खऱ्या फॅमिकॉमवर गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा खेळून झाल्यावरच सुरू करा.