सोलापुरात अवोकाडो: आधी पाणी तपासा, मग रोपं बघा

मोहोळकडच्या दादांनी विचारलंय, काळ्या रानात बोअरच्या पाण्यावर अर्धा एकर हास जातीचा अवोकाडो लावू का, आणि आईला साखर आहे, तिला फळ चालेल का. दोन्हींचं उत्तर देतो.

बहुतेक जण विचारतात की चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात झाड जगेल का. ऊन त्रास देतंच, पण त्यावर उपाय आहेत: पहिली दोन-तीन वर्षं शेडनेट, खोडाला चुना, बुडाशी पाचटाचं जाड आच्छादन. आपल्याकडे झाड मरतं ते जमिनीमुळे आणि पाण्यामुळे. अवोकाडो दालचिनीच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याला किंचित आम्ल, भुसभुशीत जमीन लागते. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास, वर चुनखडी. मग झाडाला लोह मिळत नाही आणि उसावर केवडा पडतो तशी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मुळं उथळ असतात, उन्हाळ्यात रान भेगाळलं की तुटतात. पावसाळ्यात पाणी तुंबलं की फायटोप्थोरा हा बुरशीसारखा जंतू मुळं कुजवतो. बोअरचं पाणी खारट असेल तर पानांची टोकं करपत जातात. डाळिंब जे सोसतं ते हे झाड सोसणार नाही, म्हणून डाळिंबाच्या अनुभवावर याचा हिशोब मांडू नका.

त्यामुळे अर्धा एकर आत्ता नको. मुरमाड, उताराचा तुकडा असेल तर उंच गादीवाफ्यावर दोन-चार कलमं लावा आणि ठिबकने थोडं थोडं पाणी द्या. हासचा आग्रह सोडा. ती कॅलिफोर्नियातली जात, तिचं पेटंट १९३५ सालचं. फुलोऱ्यात आणि फळ धरताना कडक ऊन तिला मानवत नाही. वेस्ट इंडियन गटातल्या जाती उष्णता आणि क्षार त्यातल्या त्यात जास्त सोसतात. कलम घेताना फुलांचा गटही विचारा. ‘अ’ गटाचं फूल सकाळी मादी म्हणून उघडतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून. ‘ब’ गटाचं दुपारी मादी, दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन्ही गट शेजारी असले की मधमाश्यांचं काम सोपं होतं आणि फळधारणा सुधारते. कोयीपासून केलेल्या झाडाला फळ यायला सहा-सात वर्षं किंवा जास्तही लागतात, आणि मूळ जातीचं फळ येईल याची खात्री नसते.

आता आईंचं. शंभर ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश, ७ ग्रॅम तंतू, ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि बऱ्यापैकी फोलेट (एक ब जीवनसत्त्व). साखर एक ग्रॅमहूनही कमी, म्हणून मधुमेहात हे फळ चालण्यासारखं आहे. स्निग्धांशातला मोठा वाटा ओलिक आम्लाचा, म्हणजे हृदयाला बरा. अर्ध्या फळाचा गर ज्वारीच्या भाकरीसोबत, मीठ, लिंबू, हिरवी मिरची घालून खावा. शिजवू नका, कडवट होतो. टोमॅटो-गाजराची कोशिंबीर सोबत असेल तर त्यातली कॅरोटिनॉइडं ही रंगद्रव्यं या स्निग्धांशामुळे अंगी जास्त लागतात. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाजारात फळ महाग वाटलं तर हळहळू नका. आपल्या शेंगांच्या चटणीतही ओलिक आम्ल भरपूर आहे, प्रथिनं तर अवोकाडोच्या कितीतरी पट. तिच्यात कॅलरी जास्त, म्हणून चमचा-दोन चमचेच.

फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावर घरात काही दिवसांत मऊ होतं. केळ्यासोबत कागदात गुंडाळलं तर लवकर. शेळ्या असतील तर झाडाला कुंपण घाला, पानांतलं पर्सिन हे द्रव्य त्यांना विषारी ठरतं.

माती आणि पाणी दोन्हींची तपासणी करून घ्या. पाण्याची क्षारता, क्लोराईड आणि मातीतला चुना, हे तीन आकडे कळवा, मग कोणत्या खुंटावरचं (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो खुंट) कलम घ्यायचं ते ठरवू.