मुलीला इव्हेंट्समध्ये जाऊ देऊ का? सांगलीच्या एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई. मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, इव्हेंट मॅनेजमेंटच करायचं म्हणते, आणि बंगळुरूची चेंगराचेंगरी टीव्हीवर बघितल्यापासून तुम्हाला झोप नाही, उद्या असं काही झालं तर माझ्या पोरीला पोलीस उचलतील का, असं विचारलंय तुम्ही.

भीती खोटी नाहीये. 4 जून 2025 ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जणांचा जीव गेला आणि मग आयोजक कंपनीच्या माणसांनाही अटक झाली. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ना, की घरातल्या विम्याच्या पॉलिसीची बारीक अक्षरंसुद्धा तीच वाचते, ते वाचून मी थांबलो. अशी माणसं या धंद्यात फार कमी आहेत हो. स्टेज डिझाइन, सेलिब्रिटी, डेकोर सगळ्यांनाच हवं असतं, आणि परवानग्यांचं काम, ज्याला लायझनिंग म्हणतात, ते कोणालाच नको असतं. पुण्यात एक मोठी कॉन्सर्ट धरा, पोलीस परवानगी, ट्रॅफिक, फायरची एनओसी, मंडप आणि स्टेज भार पेलेल असं इंजिनिअरचं सर्टिफिकेट, जनरेटर-वायरिंगची तपासणी, फूड स्टॉलवाल्यांचं एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं लायसन्स, दारू असेल तर एक्साइज, गाण्यांचं म्युझिक लायसन्स वेगळंच. रात्री 10 ला उघड्यावरचे स्पीकर बंद, राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, तो दिवस तुमच्या कार्यक्रमाचा आहे का हे आधी बघायचं असतं, आणि नसेल तर पावणेदहाला गायक अजून दोन गाणी म्हणाला तरी साउंडवाल्याला जाऊन ‘नाही’ असं सांगायचं असतं.

आणि नुसते कागद म्हणजे सगळं नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषणचा सोहळा झाला, लाखो लोक भर उन्हात उघड्या मैदानात तासन्‌तास बसले होते आणि 14 जण दगावले. सोहळा संध्याकाळी घेऊ, डोक्यावर सावली टाकू, पाणी गर्दीच्या मधोमध पोचवू, हे महिनाभर आधीच्या मीटिंगमध्ये ठामपणे बोलणारं माणूस लागतं. मला मनापासून वाटतं तुमची लेक ते माणूस होऊ शकते.

महागड्या डिप्लोमाची फी लगेच भरू नका. बीकॉम झालं की 3 वर्षांच्या एलएलबीची सीईटी देऊ दे, कायदा पाठीशी असला की या कामात वजन येतं. सोबत सुट्ट्यांमध्ये एखाद्या लायझनिंगवाल्याच्या हाताखाली पोलीस स्टेशन, महापालिका, फायर ब्रिगेडचे हेलपाटे घालू दे. गर्दी कशी सांभाळायची यावर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 2014 ची मार्गदर्शिका नेटवर फुकट आहे, ती आजच वाचायला द्या.

आता पोलिसांचं. नवीन पोरांना ऑफिसमधून सांगतात, अर्जावर आणि हमीपत्रावर तूच सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे. तिथे तिने सही करायची नाही. आयोजक कंपनीच्या जबाबदार माणसाचीच सही घ्यायची, आणि जो धोका दिसेल तो त्याच दिवशी ईमेलवर वरिष्ठांना लिहून कळवायचा, तोंडी नाही. हे पाळायला जी कंपनी नाही म्हणेल तिथली नोकरी, पगार कितीही असो, घेऊ देऊ नका तिला.