शिफारस घरात, मंजुरी कुठे? छावणीच्या डॉक्टरांच्या पगारवाढीचे कागद

ताई, तुमचे पणजोबा जालन्याच्या छावणीच्या दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांच्या पगारवाढीची साहेबाने केलेली शिफारस पेटीत सापडली, पण ती मंजूर झाली की नाही हे कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या खापरपणजोबांचं मोमिनाबादचं, म्हणजे अंबाजोगाईचं, प्रकरण हुबेहूब असंच होतं.

पत्रातली रक्कम कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयात, आहे की हाली, म्हणजे निजामाच्या रुपयात, ते आधी बघा. शंभर कलदारला साधारण ११६ हाली पडत, त्यामुळे वाढीचा आकडाही फसवतो. जालना, हिंगोली, मोमिनाबादच्या छावण्या हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या. तिथली शिफारस रेसिडेंटमार्फत, म्हणजे हैदराबादेतल्या इंग्रजांच्या वकिलामार्फत, हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे जाई. ते कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. १९०३ मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत विलीन झाली, तिथून पुढचा माग वेगळा. निजामाच्या दिवाणी, म्हणजे मुलकी, दवाखान्याचे कागद मात्र बहुधा उर्दूत, फसली सनाचे, म्हणजे निजामाच्या कारभारातल्या महसुली सालाचे.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका कार्यालयाने. नाव लिहीत नाही. फाइल नंबर आणा म्हणायचे, आणि नंबर ज्या सूचीत असतो ती सूची दाखवायची नाही. मग म्हणे वारस दाखला आणा. अहो, माणूस जाऊन शतक उलटलं! शेवटी '१९५६ला सगळं तिकडं गेलं', म्हणजे राज्य पुनर्रचनेत कागद दुसऱ्या राज्यात गेले, म्हणून वाटेला लावलं. तिकडचे म्हणाले, इकडं आहे. वडिलांना तो कागद डोळ्यांनी बघायचा होता, त्याआधीच ते गेले. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, तोंडी नकारावर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. इतक्या जुन्या सरकारी कागदाला नात्याचा पुरावा मागूच नये, असं माझं ठाम मत आहे; कायद्याचं जाणकारांनी सांगावं.

'अभिलेख पटल'वर, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन पोर्टलवर, नावाने शोधत बसू नका. अशी प्रकरणं बहुधा हुद्दा आणि गावाखाली नोंदलेली असतात. 'हॉस्पिटल असिस्टंट' टाका, आणि जालन्याचं जुनं स्पेलिंग: जे-ए-यू-एल-एन-ए-एच. फाइल मिळाली तर नुसता हुकूम वाचून थांबू नका, आतले शेरे वाचा. आमच्यात वाढ का कापली, ते तिथेच निघालं.

उर्दू कागद शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणाच्या, लिपीत असतील तर निजामकाळातले जमिनीचे कागद वाचणारा गाठा. कुणबी नोंदींच्या शोधापासून त्यांच्याकडे गर्दी आहे, धीर धरा. त्यांना फोटोच द्या. मूळ पत्र हातातून सोडू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका.