नियमित व्यायामाने ज्येष्ठांच्या शरीराचे तापमान वाढते का?

वडिलांचे वय ७२, थर्मामीटरवर पारा नेहमी ९७ च्या आसपास, हातपाय गार. दोन महिने रोज फिरायला जाऊनही आकडा वाढला नाही, मग व्यायामाचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. आकडा वाढण्याची वाट पाहू नये. उतारवयात तो ९८.६ च्या खाली असणे नेहमीचेच आहे आणि व्यायामानंतरही विश्रांतीच्या वेळी तो जवळजवळ तेवढाच राहतो. सुधारते ती उष्णता निर्माण करण्याची आणि बाहेर टाकण्याची ताकद.

स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेत जातो. वयाबरोबर स्नायू झडतात, त्यामुळे थंडी अधिक बाधते, आणि नुसत्या चालण्याने ते फारसे भरून येत नाहीत. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम हवेतच: हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, तेही श्वास न कोंडता.

उन्हाळ्यात मला याहून अधिक काळजी वाटते. ज्येष्ठांना घाम उशिरा सुटतो व कमी येतो, त्वचेकडे रक्त कमी वळते आणि तहानही नीट लागत नाही. नियमित व्यायामाने रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते व घाम लवकर सुटू लागतो. मात्र उन्हाची ही सवय काही आठवड्यांच्या खंडानेही ओसरते, त्यामुळे विदर्भातल्यासारख्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरुवात करताना पहाटे, थोडा वेळच चालावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) चालू असेल, तर पाणी किती प्यावे आणि किती दमावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच सावलीत बसवावे.

तापमानाची नोंद मात्र जरूर ठेवा, रोज एकाच वेळी आणि फिरून आल्यावर अर्धा तास थांबून. वृद्धांना न्यूमोनियासारखा संसर्ग होऊनही कधीकधी ताप चढत नाही. ज्यांचे नेहमीचे तापमान ९७ आहे, त्यांच्या बाबतीत ९९ म्हणजे नुसती कसर समजून सोडून देऊ नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि गारव्याबरोबर थकवा, बद्धकोष्ठता किंवा वजनवाढ असेल, तर थायरॉइड व हिमोग्लोबिनची तपासणी आधी करून घ्यावी.