परदेशी निधी, कार्बनचा करार आणि वालातले भुंगे

शहापूर-मुरबाडहून आणि गावाकडे शेत असलेल्या नवी मुंबईकर वाचकांकडून एकच गोंधळ पुन्हा पुन्हा येतो: शेतीसाठी परदेशातून पैसा येतो म्हणतात, तो कोणाला मिळतो आणि कोणाच्या हातून? म्हणून ही पत्रे आज एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: जागतिक बँकेकडून शेतकऱ्याला थेट दोन लाख मिळतात, फाइलचे अडीच हजार भरा, असे गावात एकजण सांगतो. भरावेत का? (शहापूर)

भरू नका. जागतिक बँक सरकारला कर्ज देते, सातबारा बघून खात्यात पैसे टाकत नाही. राज्याच्या ‘स्मार्ट’ या कृषी व्यवसाय प्रकल्पात तिचा पैसा आहे, पण तो शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गटांसाठी आहे आणि प्रस्ताव तपासल्यावरच मिळतो. चौकशी ठाण्यातल्या ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात करा. आधारचा ओटीपी त्या माणसाला सांगून झाला असेल तर आजच बँकेत जा, उद्यावर टाकू नका.

प्रश्न: परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड बंद झाली. आपल्या रेशनवर परिणाम होईल का? (कोपरखैरणे)

नाही. आपले रेशन 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली, देशातच खरेदी केलेल्या धान्यावर चालते. झळ बसते ती सुदानसारख्या देशांना. दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी फ्यूज नेट ही यंत्रणाही त्याच पैशावर चालायची. 2025 च्या जानेवारीत ती थांबली आणि काही महिने बंदच होती.

प्रश्न: आमच्या सोसायटीने तांदळाच्या गोणी जमवल्या आहेत. एफएओमार्फत आफ्रिकेत पाठवता येतील का? (नेरूळ)

गोणी पाठवू नका. एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना, तिचे मुख्य काम शेतीविषयक सल्ला, आकडेवारी आणि तंत्रज्ञानाचे आहे. धान्य वाटते ती संयुक्त राष्ट्रांची दुसरी संस्था, जागतिक अन्न कार्यक्रम. सुट्या गोणींपेक्षा तिला रोख मदत उपयोगी पडते, कारण शेजारच्या देशात धान्य घेतले की जहाजभाडे वाचते, आठवडे वाचतात आणि तिथल्या शेतकऱ्याचा माल खपतो. परदेशी देणगीआधी बँक आणि करसल्लागार दोघांना विचारा. प्राप्तिकरातली 80जीची सवलत मिळेलच असे धरून चालू नका. जमलेला तांदूळ जवळच्या आश्रमशाळेला विचारून द्या.

प्रश्न: भातातून कार्बन क्रेडिट मिळतील म्हणून एक कंपनी वीस वर्षांचा करार करते आहे. तीन एकर भात, सगळे पावसावर. सही करू का? (मुरबाड)

सही करू नका. निदान या कागदावर तरी नाही. हे पत्र वेगवेगळ्या अक्षरांत सतत येते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्बन क्रेडिट म्हणजे हवा तापवणारा वायू कमी केल्याचे विकता येणारे प्रमाणपत्र. भातात हा वायू मिथेन: तुंबलेल्या पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही आणि तो तयार होतो. पाणी मधूनमधून आटू दिले तर तो कमी होतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यासाठी ओली-सुकी पद्धत रुजवली. पद्धत खरी आहे आणि स्वस्तही. 30 सेंटिमीटर लांब आणि 10 ते 15 सेंटिमीटर रुंद पीव्हीसी नळीला खालच्या भागात भोके पाडायची, निम्मी नळी चिखलात रोवायची आणि आतली माती काढून टाकायची. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी सुरुवात करायची. नळीतले पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर उतरले की खाचरात पुन्हा 5 सेंटिमीटर भरायचे. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मात्र पाणी हटू द्यायचे नाही, नाहीतर दाणा पोचट राहतो. सुकवताना तण वाढते, त्याचा खर्च आधीच धरा.

आता तुमच्या शेताकडे बघा. जुलै-ऑगस्टमध्ये मुरबाडचे खाचर कोण सुकवणार? पाऊस तुमच्या हातात नाही. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या हिशेबात पावसावरच्या भाताचा मिथेन मुळातच सतत भरलेल्या खाचराच्या जवळजवळ निम्मा धरतात. म्हणजे तुमच्याकडे कमी करून विकण्यासारखे फारसे उरतच नाही. ही पद्धत शोभते ती कालव्याखालच्या उन्हाळी भाताला, आणि तिथेही आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, लांबले की सगळा हिशेब चुकतो.

उन्हाळी भाताचेही गणित मांडून बघा. दक्षिण आशियासाठी हेक्टरी रोज 0.85 किलो मिथेन धरतात. 120 दिवसांचे झाले 102 किलो. ओल्या-सुक्याने 45 टक्के वाचले, म्हणजे 46 किलो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो असे धरतात, म्हणून त्याला 28 ने गुणले की सुमारे 1.3 टन कार्बन डायऑक्साइड. एकराला साधारण अर्धा टन, म्हणजे अर्धे क्रेडिट, कारण एक क्रेडिट म्हणजे एक टन. तीन एकरांना दीड. मोजणी, पडताळणी आणि कंपनीचा वाटा जाऊन हातात काय येईल ते लेखी मागा. ‘एकरी हजारो रुपये’ हे तोंडी बोलणे धरू नका. व्हेरा या कार्बन क्रेडिटच्या नोंदणी संस्थेने 2024 मध्ये चीनमधले 37 भात प्रकल्प नाकारले, हेही त्या माणसाला विचारा.

करारात पाहायचे ते असे: मुदत किती, मधून बाहेर पडल्यास दंड किती, जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय, तुमच्या शेताची माहिती कोणाच्या मालकीची आणि तंटा कोणत्या शहरात चालणार. मराठी प्रत नसेल तर सहीचा विषयच नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शेतीतल्या कार्बन बाजाराचा आराखडा काढला आहे. कागद तालुका कृषी अधिकाऱ्यांना आणि वकिलाला दाखवा. ‘आज सही, नाहीतर यादी बंद’ म्हणणाऱ्याला परत पाठवा.

प्रश्न: वालाला भुंगे लागतात. ‘आफ्रिकेची विदेशी पिशवी’ म्हणून एकजण महाग पिशवी विकतो. खरी असते का? (भिवंडी)

पद्धत खरी आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमध्ये चवळीसाठी ती विकसित केली. आत जाड पॉलिथिनचे दोन थर, बाहेर विणलेली गोणी. आतले भुंगे उरलेला प्राणवायू संपवतात आणि स्वतःच थांबतात. विक्रेत्याला गोणी उघडून दाखवायला सांगा. आत एकच पातळ थर असेल तर ती साधी पिशवी आहे, छापलेल्या नावाचे पैसे देऊ नका.

कडधान्य 12 टक्क्यांच्या आसपास सुकलेले हवे. घरची चाचणी सोपी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे, आणखी उन्हे द्या. ओला वाल बंद केला तर बुरशी येते, आणि तो खाण्याजोगा राहत नाही. भरताना हवा दाबून काढा, दोन्ही थर वेगवेगळे पिळून बांधा आणि गोणी फळीवर, उंदरांपासून दूर ठेवा.

धान्यातली कीड मारणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही टाकू नका, त्यांच्या वायूने माणसे दगावतात. बियाण्याचा वाल आणखी कोरडा लागतो, तो ठेवण्याआधी कृषी सहायकाला दाखवा. पिशवी वरचेवर उघडली की हवा आत जाते आणि भुंगा पुन्हा चालू होतो, म्हणून महिन्याला लागेल तेवढाच वाल एका पिशवीत भरा.