नायजेरियात नक्की माणसं किती?

तुम्ही विचारलंय की 2050 पर्यंत नायजेरिया अमेरिकेला मागे टाकून लोकसंख्येत जगात तिसरा होणार असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते खरं का, आणि तिथे एवढी वाढ का होते. मी लागोसमध्ये नऊ वर्षं काढली. साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीच्या वितरणाचं काम होतं. कुठल्या राज्यात किती माल पाठवायचा हे ठरवताना लोकसंख्येचे तक्ते रोज समोर असायचे, म्हणून या प्रश्नावर लिहावंसं वाटलं.

आधी तुमच्या आकड्याबद्दल. तो जुना आहे. 2019 साली संयुक्त राष्ट्रांनी 2050 साठी 40 कोटींचा अंदाज दिला होता. 2022 मध्ये तो 37 कोटी 70 लाखांवर आला आणि 2024 मध्ये 36 कोटींच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या अंदाजापेक्षा कमी. 2100 सालचा आकडा तर 73 कोटींवरून 48 कोटींच्या आत आला, अवघ्या पाच वर्षांत! बातम्यांमध्ये मात्र अजून तोच पहिला आकडा फिरतो, आणि ‘एवढ्यांना खायला काय घालणार’ या सुरात फिरतो. मला त्याचा त्रास होतो, कारण माझ्यासोबत काम केलेली माणसं त्या आकड्यात आहेत.

वाढ मोठी आहे, यात शंका नाही. आज साधारण 23 कोटी लोक, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिप्पट, आणि जवळपास निम्मी माणसं अठराच्या आतली. पण हे 23 कोटीसुद्धा कोणी मोजलेले नाहीत. शेवटची जनगणना मार्च 2006 मध्ये झाली, तेव्हा 14 कोटी भरले. पुढची मे 2023 मध्ये ठरली होती, ती ऐनवेळी पुढे ढकलली. (आपलीही 2011 नंतर रखडलीच, पण आपल्याकडे निदान जन्ममृत्यूच्या नोंदी बऱ्यापैकी होतात.)

मोजणी एवढी अवघड का, हे कळलं की बाकीचं बरंच उलगडतं. तिथे माणसं मोजणं म्हणजे पैसा आणि सत्ता वाटणं. तेलाचा पैसा केंद्राकडे जमा होतो आणि राज्यांत वाटला जातो. त्या वाटपाच्या सूत्रात लोकसंख्येला 30 टक्के वजन आहे. लोकप्रतिनिधी सभागृहाच्या 360 जागाही लोकसंख्येवरच बेतलेल्या. त्यामुळे प्रत्येक राज्याला आपला आकडा मोठा हवा असतो. म्हणूनच स्वातंत्र्यानंतरची पहिलीच, 1962 ची मोजणी रद्द झाली. 1963 ची स्वीकारली गेली, पण उत्तर आणि दक्षिणेतला संशय तिथूनच मुरला. 1973 ची पुन्हा रद्द. 1991 मध्ये तर गंमत पाहा, तोवर सगळे 11 कोटींच्या वर लोक धरून चालले होते, मोजले तर 9 कोटीही भरले नाहीत. आणि 2006 मध्ये वाद नको म्हणून धर्म आणि जमात हे दोन प्रश्नच अर्जातून काढून टाकले. तरी वाद झाला तो झालाच. उत्तरेतलं कानो राज्य 94 लाख आणि दक्षिणेतलं लागोस राज्य 90 लाख असा निकाल आला, तेव्हा लागोस सरकारने आपली स्वतःची मोजणी पुढे केली, ती होती 1 कोटी 75 लाख! 2013 मध्ये तर लोकसंख्या आयोगाच्या अध्यक्षांनीच देशातल्या आजवरच्या जनगणना विश्वासार्ह नाहीत असं जाहीरपणे म्हटलं, आणि त्यांना पद सोडावं लागलं.

आम्ही सुरुवातीला त्या तक्त्यांवर भरवसा ठेवून कानो आणि लागोसला सारखाच माल धरला. लागोसचं गोदाम महिना संपायच्या आत रिकामं, कानोचं अर्धं भरलेलं. लागोसच्या लोकांकडे पैसा जास्त हे खरंच, तेव्हा खपावरून डोकी मोजता येत नाहीत. पण मी त्यानंतर तक्त्याऐवजी विक्रेत्याला विचारायला लागलो.

आता वाढ का. इथे ‘नायजेरिया’ असं एकसंध बोलूच नये. 2018 च्या आरोग्य सर्वेक्षणात देशाची सरासरी बाईमागे 5.3 मुलं होती. भारत 1970 च्या सुमारास तिथेच होता. पण लागोस राज्यात ती 3.4 आणि उत्तरेतल्या कात्सिनात 7.3. त्याच पाहणीत शाळेची पायरी न चढलेल्या बाईला सरासरी 6.7 मुलं, माध्यमिकच्या पुढे शिकलेलीला 3.4. म्हणजे लागोस आणि कात्सिना यांच्यात जेवढं अंतर, जवळपास तेवढंच शिकलेल्या आणि न शिकलेल्या बाईत. उत्तरेत मुलींची लग्नं फार लवकर होतात, आणि लहान मुलं दगावण्याचं प्रमाण भयंकर आहे. 2018 मध्ये देशभरात हजारातली 132 मुलं पाच वर्षांची होण्याआधीच गेलेली होती. जिथे आईला आपली किती जगतील याची खात्री नाही, तिथे तिला ‘दोनच पुरेत’ सांगायला कुठल्या तोंडाने जायचं?

2023-24 च्या पाहणीत सरासरी 4.8 वर आली आणि बालमृत्यू 110 वर. वेग कमी आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

आमच्या कार्यालयात हिशेब बघणारी एक मुलगी कात्सिनाची होती, झारियाच्या विद्यापीठात शिकलेली. तिच्या आईला अकरा मुलं झाली, त्यातली सात जगली. हिच्या तिसऱ्या मुलाच्या नाव ठेवण्याच्या सोहळ्याला, सातव्या दिवशी, मी गेलो होतो. बोकड कापला होता, अंगण माणसांनी भरलं होतं. मी आईंना अभिनंदन म्हणालो. त्यांनी बाळाला माझ्या हातात दिलं आणि उत्तरेतल्या हौसा भाषेत काहीतरी म्हणाल्या. मुलीने सांगितलं, “आई म्हणते, हिने तीनच ठेवायचं ठरवलंय. तिन्ही जगलीत, म्हणून मीही हट्ट करत नाही.”